बहिणीला मक्त्याने दिलेलं वावर

माझ्या शुद्धलेखनाला कोणी हसू नये. हसलं तरी मला कळणार नाही, कारण ही वही मी जिवंत असेपर्यंत कोणाला दाखवणार नाही. मी चौथी पास आहे. मास्तरांनी ह्रस्व-दीर्घ शिकवलं ते दिवस निंदणाचे होते आणि मी आईबरोबर वावरात होते. ते तेव्हा राहिलं ते राहूनच गेलं. अक्षरही वाईट आहे. खुरपं धरून धरून बोटं वाकली, टाक सरळ उभा राहत नाही, म्हणून ओळी वर चढत जातात. पण मला बोलताही येत नाही. चार माणसं समोर असली की घसा बंद होतो. कागद तोंडाकडे पाहत नाही, म्हणून लिहायला बसते.

लिहायचं ते एवढंच, की माझ्या भावाने मला चार एकर वावर मक्त्याने दिलं. मक्ता म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे मालकाला द्यायचे आणि वावर आपल्या हिमतीवर वाहायचं. दोन पुरुषांमधली गोष्ट असती तर कोणी लिहिली नसती. गावात असे मक्ते दरवर्षी होतात.

आमचं गाव वलगावापासून दोन कोसांवर, पेढी नदीच्या अंगाला. जमीन काळी. पावसाळ्यात पाय रुतला की वहाण मातीतच राहते. भाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. तो शाळेत जाण्याएवढा होईपर्यंत मला त्याला सांभाळत घरी बसावं लागलं, म्हणून मी शाळेत उशिरा गेले, आणि मग आम्ही दोघं एकाच वर्गात बसलो. गणितं तो माझ्या पाटीवरून उतरवत असे. मास्तर मला मारत नसत आणि त्याला मारत, एवढाच आमच्यात फरक होता. घरी आल्यावर दोघांनाही सारखीच भाकर, सारखंच तिखट. आमच्यात वेगळं काही आहे असं मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं पेरणीच्या दिवशी. आमच्याकडे तिफणीचे बैल हाकतो तो पुरुष, आणि मागून चाड्यावर मूठ सोडते ती बाई. चाडं म्हणजे तिफणीवर बसवलेलं लाकडी वाडगं. त्यात मुठीतून बी सोडलं की तीन नळ्यांतून ते तीन तासांत, म्हणजे ओळींत, पडत जातं. मूठ सैल झाली तर पीक दाट होतं, घट्ट राहिली तर जागा रिकाम्या राहतात. आमच्या आईची मूठ गावात नावाजलेली होती. तरी संध्याकाळी बाबा ओसरीवर बसून सांगत, "आज म्या चार एकर पेरलं."

त्या वर्षी बाबांनी भावाच्या हातात पहिल्यांदा कासरा दिला. तो घाबरला होता. मी घाबरले नव्हते. मी म्हटलं, "बाबा, एक तास मी हाकू?"

बाबा हसले. आई हसली नाही. ती म्हणाली, "तिफणीवर कासरा धरू नको वं. बाईनं बैल हाकले का पाणी पळते."

"अन् चाड्यावर हात लावते तं?"

"ते येगळं."

ते वेगळं कसं हे मी अजून समजून घेत आहे. त्याच वर्षी माझं लग्न झालं.

सासर अकोल्याकडे, बाळापूरच्या पलीकडे. तिथल्या सात वर्षांचं लिहायला माझ्यापाशी फारसं नाही. मूल झालं नाही. मालकांनी दुसरी बाई आणली. मला कोणी मारलं नाही, कोणी घालवूनही दिलं नाही. पंचमीला मी माहेरी आले, आणि न्यायला कोणी आलं नाही. एवढंच झालं. पोळा गेला, दिवाळी गेली. रस्त्यावर बंडीची चाकं वाजली की मी दारात जाऊन उभी राहत असे. संक्रांतीनंतर जाणं सोडलं.

तोवर आई-बाबा दोघंही गेले होते. घरात भाऊ, भावजय आणि मी. भावजय वाईट नव्हती. ती मला कधी टाकून बोलली नाही. पण चुलीपाशी आम्ही दोघी असलो की घर तिचं आहे हे आम्हा दोघींनाही ठाऊक असायचं, आणि म्हणून आम्ही एकमेकींशी फार जपून बोलत असू. जपून बोलणाऱ्या माणसांच्या घरात फार शांत असतं. घरात सगळे मला बाई म्हणत. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. गावातही बाईच म्हणत, पण तिथे तो शब्द दुसरा होता.

वावरात मी सगळं करत होते. निंदण, कापूस वेचणं, सोंगणी. वेचणीला आलेल्या बायांना संध्याकाळी त्यांच्या वेचणीचा वाटा मिळायचा. त्या पदर पसरून ओळीने बसायच्या. मी घरची, म्हणून ओळीत बसायची नाही. मी उभी राहून दुसऱ्यांचे वाटे पाडून द्यायची. त्यात काही अन्याय आहे असं कोणाला वाटत नव्हतं. मलाही पहिली दोन वर्षं वाटलं नाही. तिसऱ्या वर्षी एक दिवस वाटे पाडताना माझा हात थांबला आणि मनात आलं, की माझा वाटा कोणता? मी जेवते तो?

नाल्याकाठी आमचं चार एकर वावर होतं. जमीन बरी, पण एका बाजूने पाणी घुसायचं, म्हणून भाऊ तिथे मन लावून काही पेरत नसे. होळीनंतर एक दिवस तो ओसरीवर दोर वळत बसला होता. मी दाराआड उभी राहून म्हटलं, "भाऊ, नाल्याकाठचं वावर मले वाह्यले दे."

त्याने मान वर केली. "ने ना, बाई. तुह्यंच हाये. चोळी-बांगडीले देल्लं समज."

लेकीबाळींना असं जमिनीचा एखादा तुकडा चोळी-बांगडीला देण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. त्यातून येईल ते तिने घ्यावं, पेरायचं-वाहायचं मात्र भावाने. दिलं तर त्याची माया, नाही दिलं तर कोणी विचारत नाही. भावाने ते अगदी चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी मात्र दाराची चौकट धरून म्हटलं, "चोळीले नको. मक्त्यानं दे."

"काय?"

"मक्त्यानं."

तो दोर खाली ठेवून माझ्याकडे पाहतच राहिला. "येडी झाली का वं? सख्ख्या बहिणीपाशी मक्ता घेऊ? लोक तोंडात शेण घालतीन माह्या."

"परक्याले देशीन तं किती घेशीन?"

"परक्याले चाळीस रुपये घेईन. तू परकी हायेस का?"

मला एवढंच बोलता आलं होतं. आतून भावजय म्हणाली, "द्या ना. म्हणून राहिल्या तं द्या. पैसे काय, येतीन तवा येतीन." ती माझ्या बाजूने बोलली की मला वेगळं काढावं म्हणून बोलली, मला आजही सांगता येत नाही. भाऊ हसला आणि म्हणाला, "बरं बाप्पा, चाळीस. पुढल्या पाडव्याले देजो." मी देईन असं त्याला वाटत नव्हतं. मी काही दिवसांत कंटाळेन असं त्याला वाटत होतं.

आता पेरणीचं लिहिते. काळ्या मातीला वापसा यावा लागतो. फार ओली असली की तिफण चालत नाही, वाळली की बी उगवत नाही. मधले चार-पाच दिवस मिळतात, आणि त्या दिवसांत गावातला एक बैल रिकामा नसतो. भावाने आधी आपलं पेरलं. ते बरोबरच होतं. मग म्हणाला, उद्या तुझं. दुसऱ्या दिवशी सालदाराला, वर्षावर ठेवलेल्या गड्याला, ताप आला. मग म्हणाला, परवा. मी नाल्याकाठी जाऊन माती मुठीत दाबून पाहिली. गोळा होत होता, पण कडेने भुगा पडायला लागला होता. परवा उशीर होणार होता.

शेजारच्या मळ्यात एक म्हातारी माळीण राहायची. वांगी, मेथी, झेंडू लावायची आणि वलगावच्या बाजारात विकायची. तिचा नवरा फार आधी गेला होता. गाव तिला फटकळ म्हणायचं. मी तिला मावशी म्हणायची. मला धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलेली पाहून ती आली.

"काहून बसली वं अशी, मेल्या घरच्यासारखी?"

मी सांगितलं.

"बैल कोठी हायेत?"

"गोठ्यात. भाऊ अमरावतीले गेला."

"मंग आन की. त्याइले काय लुगडं-धोतर समजते?"

मी बैल आणले. तिफण जुंपली. कासरा हातात घेतला आणि बैल हलेनात. बैलांना बाबांचा आवाज माहीत, भावाचा माहीत, सालदाराचा माहीत. पुरुषासारखं ओरडायचं म्हणून मी तोंड उघडलं तर आवाज असा निघाला की मावशी कंबर धरून हसायला लागली. "असा तं कोंबडा बी नाई आरवत, माय!" दुसऱ्यांदा मला आवाजच फुटला नाही. रस्त्याने दोन माणसं जात होती, ती थांबली होती. मला वाटलं, तिफण तिथेच टाकून पळून जावं.

पण त्या बैलांना रोज संध्याकाळी ढेप, म्हणजे सरकीची पेंड, मीच खाऊ घालायची. ढेपेचं टोपलं घेऊन मी पुढे चालले की ते मागे येत, हे मावशीने पाहिलेलं होतं. ती घरी गेली आणि टोपल्यात ढेपेचे चार तुकडे घेऊन आली. ती बैलांच्या पुढे उलट्या पावली चालायला लागली, आणि बैल तिच्या मागे निघाले. कासरा तिफणीला बांधून टाकला. मी मागून चाड्यावर मूठ धरली. असं आम्ही दोघींनी चार एकर पेरलं. दोन दिवस लागले. ज्वारी पेरली, मधून मूग. मावशी म्हातारी, उलटं चालून दमायची, मग सुलट चालायची, मग काट्याचं झुडूप आलं की त्याला वळसा घालायची. बैलही वळसा घालायचे. माझं सगळं लक्ष मुठीत होतं. तास कसे पडत आहेत ते मी मागे वळून पाहिलंच नाही.

गावात पारावर त्याचा मोठा वाद झाला. भावजयीने मला सांगितला. एक जण म्हणाला, बाईनं तिफण हाकली, आता पाणी जाईल. दुसरा म्हणाला, "हाकली कोठी? कासरा तं बांधला होता. बैल आपल्या मनानं चालले." तिसरा म्हणाला, "म्हणजे तिफण बैलानंच हाकली म्हना की." शेवटी बाईने बैल हाकले नाहीत असंच ठरलं. मी पेरलं असं मात्र कोणी म्हटलं नाही. भावाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "मले सांगाचं होतं." मी म्हटलं, "तू उद्या म्हटलं होतं."

आठ दिवसांनी ज्वारी उगवली आणि सगळ्यांनी पाहिलं. माझे तास सरळ नव्हते. नाल्याकडून धुऱ्याकडे येता येता तीन जागी वाकडे, एका जागी तर मावशी तंबाखू काढायला बाजूला गेली असेल, तिथे तास तिच्या मागोमाग बाजूला गेले होते. रस्त्याने जाणारे थांबून पाहायचे. "वावर हाये का कशिदा?" एक जण भावाला म्हणाला, "तुह्या बहिणीनं लुगड्याचा काठ विणला लेका!" भाऊ त्याच्याबरोबर हसला. मी धुऱ्याच्या पलीकडे वाकलेली होते, त्याला दिसले नाही. त्याच्या हसण्याचा मला फार राग आला नाही. तास खरंच वाकडे होते.

पण वाकड्या तासांची शिक्षा हसण्यावर भागत नाही. सरळ तासांमधून बैलांचा डवरा चालवता येतो आणि तण आपोआप निघतं. वाकड्यातून चालवला तर पीकच कापलं जातं. त्यामुळे ते चार एकर मला खुरप्याने निंदावे लागले. मजूर लावायला पैसे नव्हते. आषाढ आणि श्रावण मी त्या वावरात बसून काढले. या टोकाचं निंदून त्या टोकाला पोचले की या टोकाला पुन्हा हिरवं झालेलं असायचं. मावशीचे गुडघे सुजले होते, ती येत नसे. दिवसभरात कोणाशी एक शब्द बोलायचा प्रसंग नसे. कधी कधी मी मुगाशी बोलायची. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

मूग बरा झाला. तो विकून वीस रुपये आले. माझ्या हातात आलेले ते पहिले पैसे. मी ते फडक्यात बांधून भावाला दिले. म्हटलं, "मक्त्यातले." त्याने घेतले आणि आत नेऊन ठेवले. मला वाटलं, त्याला आता पटलं.

मग भाऊबीज आली. मी ओवाळलं. त्याने ताटात ओवाळणी टाकली. तेच फडकं होतं, तीच गाठ. त्याने ती सोडलीही नव्हती.

ओवाळणी परत करता येत नाही. ती घेतली नाही तर भावाचं अशुभ चिंतल्यासारखं होतं. भाऊ माझ्याकडे पाहून हसत होता. लहानपणी चिंचा लपवून ठेवल्यावर हसायचा तसाच. त्याला वाटत होतं, आपण बहिणीला किती शहाणपणाने जिंकलं. आणि मला दिसत होतं, की या ताटात माझे दोन महिने बुडाले. मूगही आता त्याचा, वावरही त्याचं, आणि मी पुन्हा ओवाळणी घेणारी बाई.

चार दिवस मी विचार केला. मग शेजारच्या बंडीत बसून अमरावतीला गेले. कापडाच्या दुकानात मी आयुष्यात एकटी गेले नव्हते. दुकानदाराने विचारलं, काय दाखवू, तर मला बोलताच येईना. मी बोटाने दाखवलं. एक लुगडं घेतलं, जरीकाठी. चोळ्यांचे दोन खण घेतले, एक भावजयीला. हातभर बांगड्या भरल्या. वीस रुपये सगळे संपवून आले. टाकून दिलेल्या बाईने असं लुगडं नेसू नये हे मला कळत होतं. तरी नेसले आणि घरात गेले.

भाऊ जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "हे काय वं?"

"तूनं ओवाळणी देल्ली. मी चोळी-बांगडी घेतली."

"वीस रुपयाची चोळी-बांगडी?"

"जेवढी देल्ली तेवढी घेतली. मक्ता अख्खा बाकी हाये. चाळीस."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा त्याचं तोंड लाल झालं. तो ताटावरून उठला. "म्हणजे मी दुश्मन हाये का तुह्या? भावाची माया बी नको तुले?" मी म्हणणार होते, की माया हवी, पण माया आणि मक्ता एका फडक्यात बांधू नको. पण हे वाक्य मला आज सुचलं. तेव्हा मी जरीचा काठ धरून उभी राहिले. भावजय म्हणाली, "बाई, तुमी असं कराले नको होतं." तिने खण ठेवून घेतला.

त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलेना. ज्वारीला कणसं आली होती, पाखरं हाकायला वावरात माणूस लागतंच, म्हणून मी नाल्याकाठी खोपडी, म्हणजे गवताची झोपडी, बांधली आणि तिथे राहायला गेले. राखण संपली तरी परत गेले नाही, आणि कोणी बोलवायलाही आलं नाही. ज्वारी थोडीच झाली. खायला आणि बियाण्याला पुरली, विकायला उरली नाही. पाडव्याला मी भावजयीच्या हाती निरोप पाठवला की या वर्षीचा मक्ता पुढल्या पाडव्याला दोन्ही वर्षांचा मिळून देईन. उत्तर आलं नाही. वावर काढून घेतो असंही उत्तर आलं नाही.

खोपडीतलं सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळची वेळ. गावात बैल परत येतात, त्यांच्या घुंगरांचा आवाज वावरापर्यंत येतो. मला आमच्या बैलांचे घुंगरू ओळखू येत. मी भाकरी थापता थापता मोजायची, ते आता नदी उतरले, आता वडाखाली, आता गोठ्यात. ढेप घालायला मी नव्हते. आठेक दिवसांनी मी अंधार पडायच्या आत गोठ्यात जायला लागले. मागच्या बाजूने जायची, बैलांना ढेप घालायची, पाणी दाखवायची, दोन गोष्टी बोलायची, आणि घरात न जाता परत यायची. भावजयीला माहीत होतं. ती ढेप काढून ठेवायची. त्या उन्हाळ्यात मी ज्यांच्याशी रोज बोलले असे ते दोन बैलच. माझ्या नेहमीच्या आवाजात, हळू.

पुढल्या वर्षी पाणी लांबलं. विहिरीवर एक बाई मला ऐकू जाईल असं म्हणाली, "काही लोकाइनं तिफणीले हात लावला, आता साऱ्या गावानं भोगा." मी घागर भरली आणि निघाले. मावशी तिथेच होती. ती म्हणाली, "अवं, तिनं तं मागच्या साली लावला. मागच्या साली तुह्या घरात ज्वारी झाली नाई का? का तू इसरून खाल्ली?" पंधरा दिवसांनी पाणी आलं. ते बाईने आणलं असं कोणी म्हटलं नाही.

वापसा आला त्या सकाळी मी खोपडीतून बाहेर आले तर धुऱ्यावरच्या बाभळीला आमचे बैल बांधलेले होते. शेजारी तिफण आणि चाडं. भाऊ दूर रस्त्याने पाठमोरा जाताना दिसला. त्याने अजून स्वतःचं पेरलं नव्हतं. मी हाक मारली नाही. मारली असती तर काय बोलले असते, माहीत नाही.

मावशी मूठ धरायला आली. मी कासरा घेतला. या वेळी ओरडले नाही. गोठ्यात बोलायची तसंच बोलले, "चाला रे बाप्पा." बैल चालले. पहिला तास संपून वळण आलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. अगदी दोरीत नव्हता, पण डवरा चालेल असा होता. मावशी म्हणाली, "यंदा लुगडं नाई विणलं वं तूनं," आणि बसून रडायला लागली. मला रडू आलं नाही. मला घाई होती, भावाचं पेरायचं राहिलं होतं. संध्याकाळी मी बैल धुऊन गोठ्यात बांधले.

त्या वर्षीची ज्वारी चांगली झाली. मूगही. अमरावतीच्या बाजारात अडत्याने माझी पोती पाहून विचारलं, "मालक कोठी हायेत?" मी म्हटलं, "मी." त्याला ऐकू गेलं नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं. मग त्याने माझ्या मागे कोणी उभं आहे का ते पाहिलं, कोणी नव्हतं, आणि काटा लावला.

पाडव्याच्या सकाळी गुढ्या उभ्या राहिल्यावर मी पैसे घेऊन घराकडे गेले. बाबांच्या वेळेपासून आमचं दुसरं एक वावर एका शेजाऱ्याकडे मक्त्याने होतं. तो पाडव्याला येऊन ओट्यावर बसायचा आणि पैसे द्यायचा. तो बसलेलाच होता. बाया ओट्यावर बसत नाहीत, मागच्या दाराने चुलीकडे जातात. मी समोरून गेले आणि ओट्याच्या कडेला, त्या शेजाऱ्यापासून दोन हात अंतर सोडून बसले. मी पाय लुगड्याखाली घेतले.

भाऊ बाहेर आला. दीड वर्षात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आतून काहून नाई आली, बाई?"

"मक्त्याचे पैसे हायेत."

शेजारी उठायला लागला. भाऊ म्हणाला, "बसा ना, तुमचं आधी होऊ द्या." त्याने शेजाऱ्याचे पैसे घेतले, एकेक रुपया ओट्याच्या दगडावर वाजवून पाहिला, मोजले, आणि "पुरे हायेत" म्हणाला. शेजारी पान घेऊन गेला.

मग मी फडकं पुढे केलं. त्याने गाठ सोडली. दोन वर्षांचे ऐंशी रुपये. तो न मोजता आत नेईल अशी मला भीती होती. त्याने एकेक रुपया दगडावर वाजवला. बराच वेळ लागला. भावजय दारात येऊन उभी राहिली आणि परत गेली. साठाच्या पुढे कुठेतरी एक रुपया बद्द वाजला. त्याने तो पुन्हा वाजवला, पुन्हा बद्द. त्याने माझ्याकडे पाहिलं. भाऊबीजेचं हसू त्याच्या तोंडावर नव्हतं. तो रुपया त्याने माझ्यापुढे सरकवला.

"हा खोटा हाये. बदलून दे."

माझ्याजवळ कमरेला मिठा-मिरचीचा म्हणून एक रुपया होता, तेवढाच. मी तो काढून दिला. त्याने तोही वाजवला. खणखणीत वाजला. त्याने तो बाकीच्यांत ठेवला, सगळे पुन्हा एकदा मोजले आणि म्हणाला, "पुरे हायेत."

त्याने मला पान पुढे केलं नाही, आत ये असंही म्हटलं नाही. मी खोटा रुपया उचलून पदराला बांधला आणि नाल्याकडे निघाले. मक्ता पुरा फिटला होता.